सात मांजरं आणि एक पाहुणा

२ एप्रिल २०११ च्या रात्री धोनीने तो षटकार मारला तेव्हा मी मोरीच्या दारात उभा होतो. हातात अर्धा भरलेला तांब्या. गंभीर खेळत असताना पाणी प्यायला म्हणून उठलो, तेवढ्यात चौकार गेला आणि मोठ्या काकूने फर्मान काढलं, "तिथेच थांब, हलू नकोस!" पुढचा तासभर मी हललो नाही. विश्वचषकात माझंही थोडं योगदान आहे ते असं. तुमच्याही घरी कुणीतरी सोफ्याच्या हातावर अवघडून बसलं असेलच, खोटं बोलू नका.

हे आधी सांगून टाकतोय, कारण आज ज्या माणसांबद्दल लिहिणार आहे त्यांना हसायचा हक्क आपल्याला फारसा नाही. आमच्या हापिसात शुक्रवारी संध्याकाळी कोणी रिलीज करत नाही आणि दसऱ्याला सर्व्हरला झेंडूची माळ पडते. असो.

तर मध्यंतरी कामानिमित्त तीन आठवडे ब्युनोस आयर्सला होतो. तिकडच्या टीममध्ये एक टेस्टर आहेत, पन्नाशी ओलांडलेले. पुण्यात आम्ही सगळे त्यांना आपापसात 'काका' म्हणतो, त्यांना ते माहीत आहे आणि आवडतं. काका रासिंग क्लबचे भक्त. दुसरा शब्दच नाही. त्यांनी मला एका रविवारी मॅचला नेलं. मॅच कुठली, समोर कोण होतं, कधीची, हे लिहायचं नाही अशी त्यांनी शपथ घातली आहे. लिहिलं की ते 'पक्कं' होतं म्हणे. म्हणून नाही लिहीत.

जाण्याचा विधी असा: कॉन्स्टितुसिओन स्टेशनवरून लोकल पकडायची. मागून तिसरा डबा, आणि बसायला जागा असली तरी उभं राहायचं. गाडी रियाचुएलो नावाची काळीशार नदी ओलांडते आणि आवेजानेदा येतं. हा कत्तलखाने, चामड्याचे कारखाने आणि गोद्यांचा जुना कामगार भाग. आपल्या गिरणगावातले लोक तिथे उतरले तर त्यांना फार परकं वाटणार नाही. स्टेशनला आता दोन तरुणांची नावं दिली आहेत, मॅक्सिमिलियानो कोस्तेकी आणि दारिओ सांतियान. २००२ च्या जूनमध्ये बेकारांच्या मोर्च्यावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात दोघे मारले गेले. काका तिथे क्षणभर थांबतात. ते मात्र विधीत मोजत नाहीत.

मग ठरलेल्या गाडीवरून चोरिपान घ्यायचा, म्हणजे पावात भाजलेलं सॉसेज. आधी अर्धाच खायचा, उरलेला हाफ टाइमला. अंगात जुना निळा-पांढरा शर्ट, तो संघ जिंकत असेपर्यंत धुवायचा नाही. (सुदैवाने आदल्या आठवड्यात ते हरले होते.) अशा प्रकारांना तिकडे 'काबाला' म्हणतात, आणि अर्जेंटिनात तो फक्त वेड्यांचा उद्योग नाही. १९९० च्या विश्वचषकात त्यांचा गोलकीपर गोयकोचेया पेनल्टी शूटआउटच्या आधी मैदानावरच लघवी उरकून घ्यायचा. एकदा नाइलाजाने करावी लागली, जिंकले, म्हणून पुढच्या वेळी मुद्दाम केली आणि पुन्हा जिंकले. त्याने हे स्वतःच सांगितलंय. काबालाच्या उलट म्हणजे 'मुफा', आपल्या भाषेत पनवती. कार्लोस मेनेम हे १९८९ ते १९९९ अशी दहा वर्षं राष्ट्राध्यक्ष होते, पण त्यांचं नाव उच्चारलं की लोक अंगाच्या डाव्या बाजूला विशिष्ट जागी हात लावतात. सभ्य लोक नावच बदलून 'मेंदेझ' म्हणतात. मी गाडीत सहज "मेनेमच्या काळात..." म्हणून सुरुवात केली तर अर्ध्या डब्याचे हात खाली गेले. :-)

आता मांजरं.

आवेजानेदात दोन मोठे क्लब. रासिंग १९०३ चा, इंदिपेंदिएन्ते १९०५ चा. दोघांची स्टेडियम्स इतकी जवळ की एका ठिकाणच्या गोलचा आरडाओरडा दुसरीकडे ऐकू यावा. मधे काहीशे मीटर, बस्स. रासिंगने १९१३ ते १९१९ सलग सात वर्षं विजेतेपद मिळवलं, तेव्हापासून त्यांना 'अकादमी' म्हणतात. १९४९, ५० आणि ५१ ला पुन्हा सलग तीन. पेरॉनचा अर्थमंत्री सेरेइहो रासिंगचा भक्त, त्यामुळे १९५० मध्ये सरकारी कर्जातून भलंथोरलं गोल स्टेडियम उभं राहिलं. नाव हुआन दोमिंगो पेरॉन, पण सगळे म्हणतात 'एल सिलिंद्रो', सिलिंडर. खरोखर गॅसच्या टाकीसारखंच दिसतं.

१९६६ ला लीग जिंकली, १९६७ ला दक्षिण अमेरिकेचा चषक, आणि त्याच वर्षी युरोपचा विजेता सेल्टिक विरुद्ध आंतरखंडीय चषक. पहिली मॅच ग्लासगोत, सेल्टिक १-०. दुसरी आवेजानेदात, रासिंग २-१. तिसरी, निर्णायक, ४ नोव्हेंबरला मोन्तेविदेओत. ती फुटबॉल कमी आणि मारामारी जास्त होती. दोन्हीकडचे खेळाडू एकामागून एक बाहेर काढले गेले. त्यात कार्देनास नावाच्या पोराने लांबून डाव्या पायाने एक गोळा हाणला आणि रासिंग जगज्जेता झाला. असा मान मिळवणारा अर्जेंटिनाचा पहिला क्लब.

सगळं गाव रस्त्यावर नाचत असताना, असं सांगतात, इंदिपेंदिएन्तेची काही मंडळी रिकाम्या सिलिंद्रोत शिरली आणि सात काळी मांजरं पुरून आली.

पुरावा विचारू नका. ही दंतकथा आहे आणि काकांनाही ते ठाऊक आहे. पण पुढचं वाचा. १९६६ नंतर रासिंगला लीग जिंकायला ३५ वर्षं लागली. मधे वेगवेगळ्या वेळी मैदान खणलं गेलं, सहा मांजरांचे सांगाडे सापडले असं सांगतात. सातवं काही सापडेना. सातपैकी सहा बग फिक्स झाले आणि सातवा रिप्रोड्यूसच होत नाही, ही परिस्थिती ज्याला समजते त्याला रासिंगच्या माणसाची झोप का उडाली ते वेगळं सांगायला नको.

आता मांजरं बाजूला ठेवून बघू. क्लब कर्जात बुडत होता, कारभार भोंगळ होता, चांगले खेळाडू विकले जात होते. मांजरांनी कर्ज काढलेलं नव्हतं. पण 'शाप आहे' म्हटलं की संचालक मंडळाला कुणी हिशोब विचारत नाही, ही सोय मला फार मोठी वाटते. काकांना हे म्हटल्यावर ते म्हणाले, "दोन्ही खरं आहे. शाप होता म्हणूनच तसले संचालक मिळाले." यावर काय बोलणार!

सगळ्यात वाईट मॅच डिसेंबर १९८३ ची, आणि ती घरच्या मैदानावरची. देशात लष्करी राजवट नुकतीच संपली होती. १० डिसेंबरला आल्फोन्सिन यांनी शपथ घेतली होती. लोक सात वर्षांनी मोकळा श्वास घेत होते आणि आवेजानेदाचा निळा-पांढरा अर्धा भाग मात्र आकडेमोड करत बसला होता. कारण त्या हंगामात खालच्या विभागात कोण जाणार हे साध्या गुणतक्त्यावर ठरणार नव्हतं. मागच्या हंगामांचे गुण धरून सरासरी काढायची आणि ज्यांची सरासरी सगळ्यात कमी ते दोन संघ खाली, अशी पद्धत आणली होती. दोन वर्षांपूर्वी सान लोरेन्झोसारखा मोठा क्लब खाली गेला होता, तसा धक्का एखाद्या वाईट वर्षामुळे पुन्हा बड्यांना बसू नये, हा त्यामागचा हेतू सगळ्यांना दिसत होता.

आता गंमत बघा. त्या वर्षीच्या १९ संघांत शेवटचा होता कोर्दोबा शहरातला रासिंग (नाव तेच, क्लब वेगळा) आणि शेवटून दुसरा खुद्द रिव्हर प्लेट. साध्या तक्त्याने हे दोघे गेले असते. सरासरीने दोघेही वाचले आणि गेला आपला रासिंग. ज्या मॅचमध्ये गेला ती कोर्दोबाच्या त्या नामसाधर्म्यवाल्या रासिंगविरुद्ध. घरच्या मैदानावर, ४-३. तळाच्या संघाकडून हरून, त्याच तळाच्या संघाला वर ठेवून, स्वतः खाली. मी आयुष्यात बरेच चुकीचे फॉर्म्युले बघितलेत, पण इतका क्रूर आउटपुट देणारा नाही.

काका तेव्हा बारा वर्षांचे होते आणि मैदानात होते. वडिलांबरोबर. वडिलांचा काबाला म्हणजे एक लोकरी स्वेटर, आईने विणलेला. तिकडे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. बाकी लोक उघडेबंब आणि हा माणूस स्वेटर घालून नव्वद मिनिटं घामाने निथळतोय. तिसरा गोल झाला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा कॉलर सैल केली. मॅच संपल्यावर स्वेटर काढला, नीट घडी घातली आणि तिथेच दगडी पायरीवर ठेवून दिला. "मी म्हटलं, पापा, आई ओरडेल. ते म्हणाले, आईला मी सांगतो." घरी जाताना दोघं काही बोलले नाहीत. आई ओरडली नाही.

अजून एक मॅच उरली होती, कारण नशिबाला विनोदबुद्धी असते. २२ डिसेंबरला, इंदिपेंदिएन्तेच्या घरी. त्यांनी २-० ने हरवलं आणि त्याच दिवशी ते लीगचे विजेते ठरले. म्हणजे पहिल्या विभागातल्या आपल्या शेवटच्या दिवशी रासिंगने शेजाऱ्याचा विजयोत्सव त्याच्याच अंगणात उभं राहून बघितला. काकांचे वडील गेले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी घराच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या.

१९८५ ला रासिंग परत वर आला. १९८८ ला क्रुझेइरोला हरवून सुपरकोपाही जिंकला. मग शाप कुठे गेला? तर म्हणे शाप फक्त लीगला लागू आहे. अंधश्रद्धेची हीच तर खुबी. एखादी केस फेल गेली की कोणी मूळ कोड काढून टाकत नाही, वर आणखी एक 'इफ' लावतात.

१९९८ मध्ये प्रकरण थेट देवापर्यंत गेलं. फेब्रुवारीत स्टेडियमची शुद्धी करायची ठरली. हजारो लोकांची मिरवणूक, एक पाद्री (तोही रासिंगचाच भक्त), पवित्र पाणी, प्रार्थना, सगळं यथासांग. पुढची मॅच कोलोनविरुद्ध होती. हरले.

आणि त्याच वर्षी क्लबचं दिवाळं निघालं. ४ मार्च १९९९ ला दिवाळखोरीचं काम बघणाऱ्या बाईंनी कॅमेऱ्यांसमोर जाहीर केलं, की रासिंग क्लब ही संस्था आता अस्तित्वात नाही. संपलं. मालमत्ता विकायची, देणी भागवायची. आपल्याकडे गिरण्यांना टाळी लागली तेव्हा गेटवर उभे राहिलेले लोक आठवा. तसेच ते क्लबच्या दारात उभे होते, काही रडत, काही शिव्या देत.

त्यानंतरचा रविवार, ७ मार्च. नव्या हंगामाची पहिली मॅच ताय्येरेसविरुद्ध घरी व्हायची होती. अर्थातच रद्द. खेळाडू नाहीत, पंच नाहीत, समोरचा संघ नाही. तरी लोक आले. तीन-चारशे नव्हे, सुमारे तीस हजार असा आकडा सांगतात. नेहमीच्या वेळी, झेंडे घेऊन, ढोल घेऊन आले, आपापल्या जागी उभे राहिले आणि रिकाम्या मैदानाकडे बघत गात राहिले. क्लबचे लोक आज तो दिवस 'रासिंग भक्त दिन' म्हणून पाळतात.

काका त्या दिवशी तिसऱ्या डब्यातूनच गेले होते. मी विचारलं, मॅचच नव्हती तर काबाला कशासाठी? ते म्हणाले, "मॅच नव्हती म्हणूनच. उद्या असावी म्हणून." वडील तेव्हा आजारी होते, त्यांनी फोनवर विचारलं, किती लोक आहेत? काकांनी फोन वर धरला आणि गाणं ऐकवलं.

मालिनोव्हस्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने ट्रोब्रिअंड बेटांवरच्या कोळ्यांबद्दल लिहून ठेवलंय: शांत खाडीत मासे मारताना ते मंत्रतंत्र करत नाहीत, खोल समुद्रात जाताना करतात. जिथे कौशल्य पुरतं तिथे गरज नाही; जिथे नशिबाचा आणि जिवाचा प्रश्न आहे तिथे मंत्र. बरोबरच आहे. पण कोळ्याच्या हातात निदान वल्हं तरी असतं. प्रेक्षकाच्या हातात काय? नव्वद मिनिटं तो काहीच करू शकत नाही, आणि ज्याचं काही करता येत नाही तेच त्याला सगळ्यात जास्त हवं असतं. मग तो डबा ठरवतो, स्वेटर घालतो, मोरीच्या दारात तांब्या धरून उभा राहतो.

२००० च्या अखेरीस एका कंपनीने क्लब चालवायला घेतला आणि प्रशिक्षक म्हणून आला रेइनाल्दो मेर्लो, टोपणनाव 'मोस्ताझा', म्हणजे मोहरी, केसांच्या रंगावरून. स्वतः अट्टल अंधश्रद्ध. प्रतिस्पर्धी आक्रमण करत असले की बोटांची शिंगं करून दाखवायचा. त्याने येऊन काय केलं? सातवं मांजर शोधायला लावलं! काँक्रीट फोडलं, आणि सांगतात की सापडलं. त्याच वेळी पत्रकारांना तो रोज एकच उत्तर द्यायचा, "पाऊल पाऊल." विजेतेपदाचा शब्द काढायचा नाही. पुढच्या मॅचपुरतं बोलायचं. मला विचाराल तर खोदकामापेक्षा हे जास्त कामी आलं, पण मेर्लोने दोन्ही केलं आणि त्यामुळे कशाचं श्रेय कशाला हा टेस्ट कायमचा बिघडला.

शेवटची फेरी उरली. रासिंगला एक गुण हवा होता. आणि देश कोसळला. डिसेंबरच्या सुरुवातीला बँकांतले पैसे काढायला बंदी आली. १९ आणि २० तारखेला लोक भांडी वाजवत रस्त्यावर आले, तिसाहून जास्त माणसं मेली, राष्ट्राध्यक्ष दे ला रुआ राजीनामा देऊन हेलिकॉप्टरने निघून गेले. फुटबॉल थांबलं. पस्तीस वर्षं थांबलेल्यांना सांगितलं जात होतं की फेब्रुवारीपर्यंत थांबा! शेवटी खटपट करून २७ डिसेंबरला फक्त दोन मॅचेस घ्यायचं ठरलं, विजेतेपद ज्यांच्यावर अवलंबून होतं त्या. रासिंगची वेलेझच्या मैदानावर होती. ते मैदान भरलं, आणि इकडे सिलिंद्रोही भरला, पडद्यावर बघायला. एक क्लब, एका वेळी दोन स्टेडियम्स, खिशात पैसे नाहीत. १-१. झालं. पस्तीस वर्षं.

काका सिलिंद्रोत होते, एकटे. वडील त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेले. त्यांनी सोबत एक नवीन लोकरी स्वेटर नेला होता, तो मॅच संपल्यावर १९८३ च्या त्याच पायरीवर ठेवला. जवळजवळ त्याच, असं ते स्वतःच दुरुस्त करतात. टेस्टर ना.

हे फार नाटकी वाटत असेल तर ऐका: २०१९ ला रासिंगने लीग जिंकली तेव्हा एक जण आपल्या आजोबांची कवटी घेऊन मिरवणुकीत आला होता. पेपरात फोटो होते. काकांचा स्वेटर त्यामानाने मध्यमवर्गीयच म्हणायचा.

तर आमची मॅच. सिलिंद्रोच्या बाजूच्या गल्लीतून आम्ही चालत गेलो, तिला कोर्बात्ताचं नाव आहे. पन्नासच्या दशकातला अफाट विंगर, लिहिता-वाचता येत नव्हतं, दारूपायी सगळं गेलं आणि शेवटची वर्षं याच स्टेडियमच्या एका खोलीत काढून १९९१ ला वारला. काका म्हणाले, उजवा पाय आधी. मी फोटो काढायच्या नादात डावा टाकला. त्यांनी बघितलं. काही बोलले नाहीत, सभ्य माणूस.

मॅच भिकार झाली. दोन्ही संघ चेंडू एकमेकांना भेट दिल्यासारखे देत होते. रासिंगचा एक गोल ऑफसाइड ठरला, हाफ टाइमला काकांनी उरलेला चोरिपान खाल्ला, तो गार झाला होता. शेवटच्या काही मिनिटांत समोरच्यांनी एकमेव संधी साधली. ०-१. शिट्टी झाल्यावर माझ्या मागचा आजोबा मला उद्देशून काहीतरी म्हणाला. काकांनी भाषांतर केलं नाही. परतीच्या गाडीत आम्ही मागून तिसऱ्या डब्यात उभे होतो, गाडी जवळजवळ रिकामी होती. कॉन्स्टितुसिओनला उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अतिशय प्रेमाने सांगितलं, की पुढच्या वेळी मी हॉटेलातच बघितली तर बरं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये रासिंग कोपा सुदामेरिकानाच्या अंतिम फेरीत पोचला. समोर तोच क्रुझेइरो, १९८८ चा. आदल्या दिवशी काकांचा मेसेज आला: "मॅच तुमच्याकडे मध्यरात्रीनंतर आहे. बघणार आहेस?" मी मोठ्या उत्साहाने लिहिलं, हो तर, गजर लावलाय. बराच वेळ उत्तर नाही. मग आलं: "कृपया झोप."

झोपलो. सकाळी उठून बघितलं, ३-१. छत्तीस वर्षांनी आंतरराष्ट्रीय चषक. आणि खाली काकांचा एकच फोटो, दगडी पायरीचा, त्यावर घडी घातलेला एक स्वेटर.